दुपारची शिट्टी

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कोणी माझ्याकडून मर्दुमकीची आशा धरायला नको. सापाला भितो, मारक्या रेड्याला भितो, आणि सरकारी शिक्का असलेल्या कागदाला तर फारच भितो. शाळा तपासायला साहेब येणार असं कळलं की चार दिवस आधीपासून माझं पोट बिघडायचं. बायको म्हणायची, "तुमी तं बाप्पा आपल्या सावलीले बी नमस्कार करून चालता." आणि हे ती अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, कारण तिला स्वतःला कमी ऐकू येत असे.

लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी तिला मुदतीचा ताप आला. ताप उतरला, पण जाताना कान घेऊन गेला. अगदी ठार बहिरी नव्हती. तोंडासमोर उभं राहून ओरडलं की समजायचं. पण माणूस दिवसभर किती ओरडणार? शाळेत पोरांवर ओरडायचं, घरी येऊन बायकोशी ओरडून बोलायचं. संध्याकाळपर्यंत माझा घसा बसलेला असे. आमच्या घरात खासगी असं काही उरलंच नव्हतं. भाजीत मीठ जास्त पडलं तरी चार घरांना कळायचं. म्हणून मी तिला लिहायला-वाचायला शिकवलं आणि चुलीजवळच्या कोनाड्यात एक पाटी ठेवली. गुपित असलं की आम्ही पाटीवर बोलायचो.

तेव्हा मी मेहकर तालुक्यातल्या एका लहानशा खेड्यात मास्तर होतो. बाजार डोणगावचा, बाकी काही लागलं तर मेहकर. गावात रेडिओ एकच, पंचायतीचा, आणि तोही सहा महिने मुका. मला मात्र या विद्येचा नाद होता. एका मासिकात दोन व्हॉल्व्हच्या रेडिओचा नकाशा आला होता. अकोल्याच्या जुन्या बाजारातून व्हॉल्व्ह आणले, पोकळ बांबूच्या तुकड्यावर तार गुंडाळली, बॅटऱ्या जोडल्या, आणि महिनाभर बोटं भाजून घेतल्यावर तो डबा एकदाचा बोलला. त्याला कर्णा नव्हता. हेडफोन कानाला लावून ऐकावं लागे. मी गंमत म्हणून ते बायकोच्या कानाला लावले. ती दचकली, दोन्ही हातांनी हेडफोन धरून बसली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "अवो, कोनी तरी माह्या डोक्यात बसून गाऊन राह्यलं!" ती ओरडली. त्या दिवसापासून रेडिओ माझा राहिला नाही, तिचा झाला.

रोज दुपारी एक ते दोन, गाव वावरात गेलेलं असताना, ती चुलीवर वरण चढवून रेडिओपाशी बसायची. रेडिओला दोन बटणं होती. एकानं स्टेशन लावायचं, दुसऱ्यानं आवाज वाढवायचा. हे दुसरं बटण मोठं खट्याळ. पिळत गेलं की आवाज चढत जाई, आणि जरा जास्त पिळलं की डबा शिट्टी मारू लागे. शिट्टीच्या आधी थांबायचं, एवढीच त्यात खुबी होती. बायकोला बारीक ऐकू येत नसल्यामुळे ती शिट्टीच्या पलीकडं जायची, मग थोडी मागं यायची, पुन्हा पुढं. शिट्टी वाजत असताना डबा नुसता ऐकत नाही, अँटेनाच्या तारेतून स्वतःच लहरी बाहेर फेकतो, हे मासिकात तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. शेजाऱ्यांच्या रेडिओला त्रास होईल, असा इशाराही होता. शेजाऱ्यांकडे रेडिओ होता कुठं? मी ते वाचलं आणि सोडून दिलं.

अँटेनाची तार मी परसात लांब ताणली होती. लोक विचारतील या भीतीनं तिच्यावर कपडे वाळत घालायला सांगितले. तारेतली लहर खांबात उतरू नये म्हणून दोन्ही टोकांना बाटल्यांच्या काचेच्या माना बांधल्या होत्या, त्या लुगड्याआड झाकून जायच्या. कारण माझ्याकडं लायसन नव्हतं. त्या काळी रेडिओ ठेवायचा तर पोस्टातून लायसन काढावं लागे. मी काढायला गेलो होतो, नाही असं नाही. पोस्टमास्तरांनी विचारलं, "कंपनी कोणती?" घरी बनवलाय म्हणालो असतो तर त्यांनी काय लिहून घेतलं असतं कोण जाणे. मी कार्ड विकत घेऊन परत आलो.

मग चीनशी लढाई जुंपली. दिवाळी होऊन गेली, जवारी दाण्यात आली, तरी ती चालूच होती. डोणगावच्या बाजारात दवंडी पिटली की परवानगीवाचून कोणी बिनतारी यंत्र ठेवलं तर त्याला हेर समजून आत टाकतील. मी ऐकलं आणि बाजार तसाच टाकून निघालो. सरकारी नोकर, त्यात मास्तर, आणि घरात चोरटं यंत्र! नोकरी तर जाणारच, वर तुरुंग. घरी येऊन पाटीवर लिहिलं, "रेडिओ बंद. मोडून टाकू." तिनं वाचलं, पुसलं आणि खाली लिहिलं, "काऊन?" मी लिहिलं, "पकडतील." तिनं लिहिलं, "लुगडं पकडतीन का?" आणि मोठमोठ्यानं हसायला लागली. मला रेडिओ मोडायचा होता, खरंच मोडायचा होता. पण रविवारी दुपारी घरी असताना तिचा चेहरा कसा व्हायचा ते मी पाहिलेलं होतं. उद्या मोडू, उद्या मोडू करत आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी पहिल्या सुट्टीच्या आत शाळेसमोर जीप उभी राहिली.

जीपमध्ये तिघं होते: ड्रायव्हर, ठाण्याचा जमादार आणि बिनतारी खात्याचे एक साहेब. साहेब पुण्याकडचे, गोरे, चष्मेवाले, बोलणं एकदम छापील. जमादारानं हाक मारली, "मास्तर कोन हाय बे इथं?" माझ्या हातातला खडू गळून पडला. पोरांनीच माझ्याकडं बोट दाखवलं.

साहेब म्हणाले, "घाबरू नका हो. मागच्या साली जनगणनेचं काम या भागात तुम्हीच केलंत ना? आम्हाला घर न् घर माहीत असलेला माणूस हवाय. चला आमच्याबरोबर."

हुश्श, असं मनात म्हटलं. देव पावला. मोठ्या मुलांवर वर्ग सोपवला आणि जीपमध्ये चढलो. चढल्यावर साहेबांनी काम सांगितलं. रोज दुपारी एक ते दोन सरकारी बिनतारी संदेशांत एक शिट्टी घुसते. ती वर-खाली होते, थांबते, पुन्हा सुरू होते. "कोणीतरी सांकेतिक भाषेत बोलतोय," ते म्हणाले. "आम्ही त्याला शोधतोय." मी मान डोलावली. जीपचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

गावापासून कोसभरावरच्या उजाड, उंच बरडावर जीप थांबली. साहेबांनी पेटीतून तारेचं एक मोठं गोल कडं काढलं, आपल्या धान्याच्या चाळणीच्या दुप्पट असेल. त्याची तार पेटीला, पेटीचा हेडफोन कानाला. एक वाजून काही मिनिटं झाली होती. ते कडं हळूहळू फिरवू लागले आणि मी मास्तर, म्हणून मला समजावत गेले. "कडं फिरवलं की आवाज कमी-जास्त होतो. एका ठिकाणी तो अगदी मरतो. तिथं थांबायचं. मग कड्यातून सरळ आरपार बघायचं. नजर जिथं जाईल, त्या रेषेत यंत्र." एवढं बोलून त्यांनी हौसेनं हेडफोन माझ्या कानाला लावला. "ऐका तुमचा हेर."

मी ऐकलं. शिट्टी वर चढली, थोडी खाली आली, पुन्हा चढली. मग मध्येच तशीच राहिली, बराच वेळ एका सुरात. वरण ढवळायला उठली असणार. मग परत दोनदा वर, एकदा खाली. रविवारी घरी शेजारी बसून, हेडफोनमधून बाहेर झिरपणारा हा खेळ मी शंभरदा ऐकला होता. ती माझ्या बायकोची बोटं होती. आजूबाजूला पाऊण तालुका पसरलेला, आणि त्या कड्याला माझी बायको सापडली होती.

"काय, आहे की नाही पक्का बदमाश?" साहेबांनी विचारलं.

"हाव साहेब," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

त्यांनी नकाशा बॉनेटवर पसरला. जानेफळच्या बाजूनं त्यांनी आदल्या दिवशीच एक रेघ काढून आणली होती. आता बरडावरून दुसरी काढली. दोन्ही रेघा जिथं एकमेकींना कापत होत्या, तिथं माझ्या गावाचं नाव होतं. साहेबांनी पेन्सिलनं गोल केला. मला वाटलं आता सांगावं. हात जोडावेत आणि म्हणावं, साहेब, तो हेर नाही हो, ती माझी बायको आहे, तिला ऐकू येत नाही, तो नुसता ऐकायचा डबा आहे. वाक्य तयार होतं. जीप गावाकडं वळली, तेव्हाही तयार होतं. पण जमादाराच्या मांडीवर काठी आडवी होती आणि माझी नजर त्या काठीवरून हलेना.

गावाबाहेर नाल्याच्या काठी चिंचेखाली आम्ही उतरलो. नाल्याच्या अलीकडं गाव. गल्लीतलं सगळ्यात शेवटचं घर आमचं. नाल्याच्या पलीकडं एकच मळा. साहेबांनी कडं हातात धरलं आणि फिरवत फिरवत थांबवलं. ते मळ्याकडं तोंड करून उभे होते, मी त्यांच्यासमोर. त्यांनी त्यांच्या बाजूनं कड्यातून पाहिलं, मी माझ्या बाजूनं. कड्याच्या गोलात बरोब्बर मधोमध आमचं परस होतं, आणि तारेवर बायकोचं हिरवं लुगडं वाळत होतं.

"या कड्यात एकच खोट आहे," साहेब म्हणाले. "रेष सांगतं, पण बाजू सांगत नाही. यंत्र पुढं असेल किंवा पाठीमागं. मागं तर गाव. गावात कोणाकडे रेडिओ आहे?"

"पंचायतीचा हाय. थो बंद पडेल हाय."

"आणि पुढं काय आहे?"

मी हात वर केला. मळ्याकडं. "तिकडं एक मळा हाय, साहेब."

मी खोटं बोललो नाही. हे मी नंतर कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. पंचायतीचा रेडिओ खरंच बंद होता. पुढं खरंच मळा होता. पण हात मी उचलला होता, आणि तो कुठल्या बाजूला उचलायचा ते मला चांगलं ठाऊक होतं.

मळ्यात एक माळी आणि त्याची बायको राहायची. पन्नाशीचा, काटक, हसतमुख माणूस. वांगे, मिरची आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवायचा आणि डोणगावच्या बाजाराला न्यायचा. जनगणनेच्या वेळी मी त्याच्या खाटेवर बसून विचारलं होतं, घरात माणसं किती? तर म्हणाला, "मी, बायको अन् पाचशे पोपट. लिहा गुर्जी, सारे मायाच अन्नावर हायेत." त्यानं मळ्याच्या कडेला दोन पट्टे जवारी पेरली होती, आणि पोपटांचे थवेच्या थवे येऊन कणसं फस्त करायचे. मचाणावर बसून गोफण मारायला त्याच्याकडं माणूस नव्हता. म्हणून त्यानं युक्ती केली होती. कडुलिंबापासून बांबूपर्यंत उंच लोखंडी तार ताणली, तिला रिकामे डबे बांधले, आणि तारेचं एक टोक सरळ झोपडीत आणून सोडलं. आत बसून लसूण निवडता निवडता ओढलं की डबे खणखणायचे, पोपट उडायचे. आमच्याकडं अशा तारा कोणी ना कोणी बांधायचंच.

साहेब पुण्याचे. त्यांना काय माहीत? त्यांना दिसली उंच ताणलेली तार, आणि तिचं टोक झोपडीत गेलेलं. ते एकदम खालच्या आवाजात म्हणाले, "अँटेना." जमादार धावतच नाला उतरला. साहेबांनी हेडफोन कानाला लावला, आणि त्याच क्षणी त्यांचा चेहरा बदलला. "बंद झालं! आपल्याला पाहिलं आणि बंद केलं!" मी चोरून घड्याळ पाहिलं. दोन वाजले होते. गाण्यांचा कार्यक्रम संपला होता.

पुढचं सांगायला मला अजून जड जातं. माळी बाहेर आला, "या साहेब, बसा, पानी देतो," म्हणाला, आणि जमादारानं विचारपूस न करता त्याच्या थोबाडीत मारली. त्याची टोपी सांभाराच्या वाफ्यात पडली. झोपडीतलं सगळं बाहेर फेकलं. मडकी, गोधड्या, मिरचीचं पोतं. यंत्र कुठं पुरलंस म्हणून वांग्याचे तीन वाफे खणून काढले. त्याची बायको तोंडात पदर धरून उभी होती. जमादारानं तार तोडली तेव्हा सगळे डबे खळाखळा खाली आले. माळी माझ्याकडं वळला. "गुर्जी, तुमी तं सांगा ना यायले. तुमी पायलं हाय ना माहं घर?"

"साहेब, साधा मानूस हाय," मी पुटपुटलो. एवढंच. तेही असं की साहेबांना ऐकू जाऊ नये.

"साधीच माणसं असतात अशी," साहेबांना ऐकू गेलं होतं. त्यांनी माळ्याला जीपमध्ये बसवलं. मला म्हणाले, "तुम्ही चालत जाल ना मास्तर?" मी चालत गेलो.

घरी बायको वरण-भात वाढून वाट पाहत होती. जेवण जाईना. मी पाटी घेतली आणि सगळं लिहिलं. एक पाटी भरली, पुसली, दुसरी भरली, तिसरी भरली. हात कुठल्या बाजूला केला तेही लिहिलं, कारण तिच्यापासून लपवून मला ते गिळता येईना. ती वाचत गेली. शेवटची पाटी वाचून तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी मान खाली घातली.

"जाऊन सांगा त्या साहेबाले," ती म्हणाली.

मी पाटीवर लिहिलं, "नोकरी जाईल. तुरुंग होईल."

"अन् त्याले नाई होत का?"

"हळू बोल!" मी ओरडलो. माझा आवाज तिच्याहून मोठा निघाला.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी ठाण्यात जायचं म्हणून टोपी घातली, कोट घातला, दारापर्यंत गेलो आणि परत आलो. पुन्हा गेलो, पुन्हा आलो. शेवटी ताप आल्याचं सांगून शाळेलाही गेलो नाही. आणि ताप खोटाही नव्हता. एक वाजायच्या सुमारास बायकोनं फडताळातून रेडिओ काढला, तार जोडली आणि हेडफोन कानाला लावले.

"काय करतेस?"

"तुमच्यानं होत नाई ना," ती म्हणाली. "थो तं कोठडीत हाय. आज शिट्टी वाजली तं त्यायलेच समजन का थो नोहे म्हून."

आणि तिनं खट्याळ बटण शेवटपर्यंत पिळलं. गाणं नाही, काही नाही, नुसती शिट्टी. मी हात जोडले. खरंच, बायकोपुढं हात जोडले. बॅटरीची तार उपटायला पुढं झालो तर तिनं माझं मनगट धरलं. चुलीपुढं राबलेला हात, त्यापुढं माझा खडू धरणारा हात काय टिकणार? "धरतीन तं धरतीन!" ती सगळ्या गल्लीला ऐकवत म्हणाली. "त्या बाईच्या तोंडाकडं मले उद्या पाहता येईन का?" मी खाली बसलो. दाराकडं तोंड करून, गुडघे छातीशी घेऊन, चांगला चाळीस वर्षांचा माणूस. दर मिनिटाला मला जीपचा आवाज ऐकू येत होता. कधी ती पिठाची गिरणी असे, कधी नुसता वारा.

अर्ध्यापाऊण तासानं ती खरंच आली. साहेब एकटे उतरले. या वेळी नाल्यापाशी थांबले नाहीत. कडं हातात धरून दहा दहा पावलांवर फिरवत सरळ आमच्या परसात आले. दाराच्या फटीतून मी पाहत होतो. त्यांनी हिरव्या लुगड्याचं टोक उचललं. बाटलीची मान पाहिली. तारेवरून नजर फिरवत खिडकीपर्यंत आले आणि मग दारात. बायकोची पाठ होती, तिला पत्ताच नव्हता. साहेबांची सावली डब्यावर पडली तेव्हा तिनं वळून पाहिलं, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "आले का? बसा. च्या ठेवतो."

साहेबांनी हेडफोन कानाला लावला, बटण मागं-पुढं केलं, डब्यात डोकावून पाहिलं. "हा तर नुसता ऐकायचा सेट आहे," ते स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "मास्तर, काल तुम्ही पलीकडून कड्यातून बघत होतात. तुम्हाला हे घर दिसलं होतं."

"हो साहेब."

"आणि शिट्टी? ती ओळखलीत?"

"हो साहेब."

मला वाटलं, आता हातकडी. पण ते खुर्चीवर टेकले आणि चष्मा पुसू लागले. तेही घाबरलेले आहेत, हे मला तेव्हा कळलं. डबे बांधलेल्या तारेला अँटेना समजून त्यांनी एका माणसाला मारहाण होऊ दिली होती आणि कोठडीत टाकलं होतं. वर कळवायचं तर तेही कळवावं लागलं असतं. "झाकली मूठ सव्वा लाखाची," ते शेवटी म्हणाले. "हा डबा मी नेतो. तुम्ही कुठं बोलू नका, मी लिहीत नाही. तुमचा माळी आज सुटेल." चहा न घेताच ते गेले. जीप गल्लीबाहेर गेली. त्यानंतर हलकं हलकं वाटलं, अगदी लाज वाटावी इतकं हलकं.

दोन दिवसांनी माळी आमच्या ओट्यावर आला. डोक्यावर टोपलं, टोपल्यात वांगे. खणलेल्या वाफ्यांतून जे वाचले होते तेच असणार. गाल अजून निळा होता. त्यानं टोपलं खाली ठेवलं आणि मी नको नको म्हणत असताना वाकून माझ्या पायांना हात लावला.

"जमादार म्हने, तुह्या मास्तरनं साहेबापाशी शब्द टाकला म्हून सुटला तू," तो म्हणाला. "तुमी त्या दिशी संग होते म्हून मले धीर होता, गुर्जी. नाई तं मारूनच टाकलं असतं मले."

बायको दारात उभी होती. त्याचं बोलणं तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं, पण त्याला माझ्या पाया पडताना तिनं पाहिलं होतं. तिनं आपल्या नेहमीच्या आवाजात मला विचारलं, "सांगतलं का तुमी त्यायले?"

माळ्यानं माझ्याकडं पाहिलं. "काय सांगाचं हाय, गुर्जी?"

काही नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण बायको बाहेर आली आणि तिनंच सांगितलं. शिट्टी माह्या रेडिओची होती. यायले मालूम होतं. यायनंच हात केला तुमच्याकडं. गल्लीतल्या दोन बाया पाणी नेता नेता थांबल्या. माळी ऐकत उभा राहिला. मग खाली बसला आणि टोपल्यातले वांगे एकेक करून ओट्यावर काढून ठेवू लागला, जसे द्यायला आणले होते तसेच. शेवटचं वांगं ठेवून झाल्यावर त्यानं वर पाहिलं.

"मंग माह्याकडं काऊन हात केला, गुर्जी?"

"भेव वाटलं," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली, रिकामं टोपलं उचललं.

"मले बी लय भेव वाटलं व्हतं, गुर्जी," असं म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.